तेफळांचा बुधवार

यंदा ३ डिसेंबर बुधवारी आला. गोव्याबाहेरच्या वाचकांना या तारखेत विशेष काही वाटणार नाही, पण आमच्याकडे त्या दिवशी सेंट फ्रान्सिस झेवियरचे फेस्त, म्हणजे उत्सव, असते, शाळा-कचेऱ्या बंद असतात आणि ज्यांना जुन्या गोव्याला जायचे नसते त्यांच्या पदरात आठवड्याच्या ऐन मध्यावर एक सबंध मोकळा दिवस पडतो. चतुर्थीची सुट्टी देवाच्या आणि पाहुण्यांच्या सरबराईत जाते, दिवाळीची नातेवाइकांत जाते आणि रविवार तर तुंबलेली कामे उरकण्यातच संपतो. ही एकच सुट्टी अशी आहे, की तिच्यावर कोणाचा आधीपासून हक्क नसतो. यंदा त्या दिवशी चार स्नेह्यांना रात्री जेवायला बोलवायचे आणि सगळा स्वयंपाक आपण स्वतः करायचा, असे मी महिनाभर आधीच ठरवून टाकले होते.

जेवायला काय करायचे, यावर घरात थोडी चर्चा झाली. पत्नीचे म्हणणे असे, की माणसे मुद्दाम बोलावली आहेत तर कोंबडीची शागोती करावी, वडे तळावेत, निदान इसवण, म्हणजे सुरमई, तरी आणावे. रोजचे हुमण-शीत काय वाढायचे? तिचे म्हणणे गैर नव्हते. गोव्यात बहुतेक घरी दुपारचे ताट मांडले, की उकड्या तांदळाचे शीत, म्हणजे भात, आणि त्यावर नुस्त्याचे हुमण, म्हणजे माशांची नारळाच्या वाटपाची आमटी, ठरलेलेच. पण मला नेमके तेच करायचे होते. ज्यांना आपण आपली माणसे म्हणतो त्यांना आपल्या घरचे रोजचेच जेवण वाढावे, फक्त त्याला रोज देता येत नाही तेवढा वेळ द्यावा, असे माझे मत आहे. शाळेच्या दिवशी खोबरे फ्रीजमधून निघते, वाटप मिक्सरमध्ये दोन मिनिटांत होते, मासे कालच साफ करून ठेवलेले असतात, आणि तरीही ते हुमण चांगले लागते. मग ते निगुतीने केले तर कसे लागत असेल, याची आठवणच आपल्याला राहिलेली नसते.

शिवाय एक जुना सल मनात होता. दोन वर्षांपूर्वी असेच काहीजण जेवायला यायचे होते आणि शाळेतून यायला मला उशीर झाला होता. घाईघाईत मी सुकी तेफळे बियांसकट वाटपाच्या भांड्यात टाकली आणि मिक्सर फिरवला. तेफळ म्हणजे देशावर आणि तळकोकणात ज्याला तिरफळ म्हणतात ते. त्याच्या सालीला वास आणि चव असते, पण आतली काळी चकचकीत बी कडू असते, आणि तेफळ कधी वाटायचे नसते. त्या दिवशीचे हुमण इतके कडवट झाले, की पाहुण्यांनी संकोचाने दोन-दोन घास खाल्ले आणि शीत ताकाबरोबर कालवले. कोणी एक शब्दही बोलले नाही, पण ती ताटे मी आजतागायत विसरलेलो नाही.

त्यामुळे या वेळी पेडण्याला भावाकडे राहणाऱ्या आईला आदल्या रात्री फोन केला. तिने सगळे ऐकून घेतले, किती माणसे, किती बांगडे ते विचारले आणि शेवटी एकच गोष्ट बजावली, "वाटपात घालू नको हां पुता, ठेचून वरून सोड."

सकाळी सातच्या सुमारास फोंड्याच्या बाजारात गेलो. फेस्ताचा दिवस म्हणून रस्त्याला वर्दळ होती. नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात नऊ दिवसांच्या प्रार्थना, म्हणजे नोव्हेना, सुरू झाल्या, की बेळगाव, कारवार, सिंधुदुर्ग अशा लांबच्या ठिकाणांहून भाविक चालत जुन्या गोव्याची वाट धरतात. ज्याच्यासाठी ही माणसे येतात तो संत ३ डिसेंबर १५५२ रोजी चीनच्या किनाऱ्याजवळच्या एका बेटावर वारला. १५५४ मध्ये त्याचे शव गोव्यात आणले गेले आणि आज ते बॉम जेझू बॅसिलिकेत आहे. इथे त्याला 'गोंयचो सायब' म्हणतात आणि त्याच्या दर्शनाला हिंदूही जातात. आमच्या शाळेतल्या ज्या टीचर रात्री जेवायला येणार होत्या, त्या पहाटेच्या मिसेला, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेला, गेल्या होत्या.

बांगडे मात्र मनासारखे मिळाले. फोंड्याला समुद्र नाही; मडगावच्या घाऊक बाजारातून येणाऱ्या माशांवर आमची भिस्त असते, त्यामुळे निवड डोळसपणे करावी लागते. डोळा फुगीर आणि स्वच्छ हवा, कल्ला उचलून पाहिला तर आत लालभडक हवा, पाठीवरचे हिरवट-निळे पट्टे चमकते हवेत आणि मासा शेपटीकडे आडवा धरला तर तो लोंबता कामा नये. मासे विकणारी बाई माझ्या ओळखीची आहे. मी एकेक बांगडा उचलून पाहत होतो तेव्हा तिला राग आला नाही, उलट खालच्या टोपलीतले चांगले दहा तिने स्वतःच काढून दिले. बुधवारी गिऱ्हाईक जास्त असते, कारण दुसऱ्या दिवशी गुरुवार. आणि हा गुरुवार तर दत्तजयंतीचा होता. म्हणजे आज आणलेले आजच संपवायचे, उद्यासाठी घरात नुस्ते ठेवायचे नाही. ही गोष्ट तेव्हा फारशी महत्त्वाची वाटली नव्हती.

भाजीचा बाजार माशांइतकाच मन लावून केला, कारण येणाऱ्यांपैकी वहिनी शिवराक आहेत. शिवराक म्हणजे आमच्याकडच्या बोलीत शाकाहारी. हे दांपत्य मूळचे साताऱ्याचे, चार वर्षांपूर्वी बदलीवर फोंड्याला आले आणि आता आमच्याच गल्लीत राहते. गोव्यातल्या जेवणावळीत वहिनींची नेहमी एक कुचंबणा होते, ती मी अनेकदा पाहिली आहे. सगळ्यांची ताटे हुमण आणि तळलेल्या तुकड्यांनी भरलेली असतात आणि त्यांच्यासाठी कोपऱ्यातून एक वेगळी वाटी येते, बहुतेक वेळा हॉटेलातून आणलेल्या पनीरची. वाढणाऱ्याचा हेतू चांगला असतो, पण एकाच पंक्तीत त्या दुसऱ्याच घरचे जेवत असतात. त्यांच्यासाठी खतखते करायचे, हे म्हणूनच मी पहिल्यापासून धरून चाललो होतो.

खतखत्यात निदान पाच भाज्या हव्यात, आणि जितक्या जास्त तितके ते चांगले. सावईवेऱ्याच्या आणि केरीच्या कुळागरांतून, म्हणजे बागायतींतून, भाजी घेऊन येणाऱ्या बायका बाजाराच्या कडेला बसतात. त्यांच्याकडे सुरण, कच्ची केळी, कणगे, तांबडा भोपळा आणि कोवळा पपई मिळाला. शेवग्याच्या शेंगा, मुळा, गाजर आणि मक्याची दोन कणसे आतल्या दुकानातून घेतली. कणगे हे या दिवसांतच मिळणारे कंद, बटाट्यापेक्षा गोडसर आणि पिठूळ. ते नसतील तर खतखते होते, पण डिसेंबरातले खतखते होत नाही. तळून काप करण्यासाठी आगशीची वांगी घेतली. ही वांगी मोठी, फिकट, पातळ सालीची आणि कमी बियांची असतात, त्यांना आता भौगोलिक मानांकनही मिळाले आहे, आणि त्यांचे रव्यात घोळवून तळलेले काप खाल्ल्यावर दुसऱ्या वांग्यांचे काप करावेसे वाटत नाहीत.

घरी आलो तेव्हा साडेआठ झाले होते. चहा घेतला, वर्तमानपत्र पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचले आणि सोप्यावर नुसता बसून राहिलो. सुशेगाद हा शब्द पर्यटनाच्या जाहिरातींनी इतका वापरला आहे, की आम्हा गोवेकरांना तो उच्चारताना आता अवघडल्यासारखे होते. पण माझ्या लेखी त्याचा अर्थ आळस असा कधीच नव्हता. हातातले काम जेवढा वेळ मागते तेवढा त्याला देता येणे, आणि पुढच्या कामाची भीती मनात नसणे, एवढाच त्याचा अर्थ. त्या सकाळी तो अर्थ मला पुरेपूर भोगायला मिळाला.

दहाच्या सुमारास मागच्या अंगणातला रगडो, म्हणजे वाटप वाटायचा दगड, धुवायला घेतला. आठ वर्षे त्यावर तुळशीच्या रोपांची कुंडी ठेवलेली होती. काथ्याने घासून, गरम पाण्याने धुऊन, मग मूठभर तांदूळ आणि जाडे मीठ त्यात घालून दोन वेळा वाटले आणि टाकून दिले. दुसऱ्या वेळचे पीठ पांढरे स्वच्छ निघाले तेव्हा दगड वापरण्याजोगा झाला. मुलीला हा सगळा प्रकार नवा होता. तिने आजीच्या घरी रगडो पाहिला होता, पण फिरताना पाहिला नव्हता.

खोबरे आदोळीवर बसून मीच किसले. दीड नारळ लागला. आईची सक्त ताकीद असे, की करवंटीजवळचा काळसर भाग खोबऱ्यात येऊ द्यायचा नाही, नाहीतर हुमणाचा रंग मळकट होतो. म्हणून नारळ फिरवत फिरवत वरवरचे पांढरेच काढले. मिरच्या पंधरा घेतल्या, दहा बेडगी रंगासाठी आणि पाच गावाहून आलेल्या हरमलच्या तिखटपणासाठी, आणि त्या अर्धा तास कोमट पाण्यात भिजवल्या. चमचाभर धणे, सात-आठ मिरे, हळद, पाव कांदा आणि रस्सा मिळून यावा म्हणून चमचाभर भिजवलेले तांदूळ. मिरी आणि मिरची एकाच वाटपात पडतात, याचा मी फार दिवस विचार केला नव्हता. मिरची पोर्तुगिजांच्या जहाजांतून आली, म्हणजे १५१० नंतर कधीतरी आमच्या स्वयंपाकघरात शिरली. त्याआधी तिखटपणाचे काम मिरीकडे होते. मिरची आली म्हणून कोणी मिरी काढून टाकली नाही. दोघी अजून त्याच दगडाखाली शेजारी-शेजारी वाटल्या जातात.

वाटप गंधासारखे व्हायला हवे, असे आमच्याकडे म्हणतात, आणि ते शब्दशः खरे आहे. आधी मिरच्या आणि धणे-मिरे पाण्याच्या शिंतोड्यांवर वाटून घ्यायचे, ते लाल लोण्यासारखे झाले की मग खोबरे मुठी-मुठीने घालायचे. उजव्या हाताने वरवंट्याचा गोळा फिरवायचा आणि डाव्या हाताने कडेला चढलेले वाटप सतत मध्ये लोटायचे. या दोन हातांचा मेळ बसायला मला पंधरा मिनिटे लागली. पहिल्यांदा दगडाचा आवाज खरखरीत असतो. खोबरे बारीक होत जाते तसा तो मऊ होतो, आणि वाटप तयार झाले की जवळजवळ ऐकूच येत नाही. आई दुसऱ्या खोलीतून नुसत्या आवाजावरून "झाले, काढ आता" असे सांगायची, ते कसे, हे त्या दिवशी मला कळले. मिक्सरची पाती गरम होतात आणि फार वेळ फिरवले तर खोबऱ्याचे तेल सुटते. दगडावर वाटप थंड राहते आणि दूध वाटपातच जिरून राहते. सगळे वाटायला सव्वा तास लागला. बोटांची आग व्हायला लागली तेव्हा हातांना खोबरेल चोळले आणि थोडा वेळ तसाच बसलो. मुलीने बोटाच्या टोकावर वाटप घेऊन अंगठ्याने चोळून पाहिले आणि कुठेच कण लागत नाही, असे सांगितले.

दुपारी खतखते केले, कारण ते चार-पाच तास मुरले तर भाज्या एकमेकींच्या ओळखीच्या होतात. सुरण चिरण्याआधी हातांना तेल लावले आणि फोडी सोलांच्या, म्हणजे कोकमाच्या, पाण्यात ठेवल्या, म्हणजे खाज राहत नाही. तूरडाळ मऊ शिजवून घेतली. भाज्या घालण्याचा क्रम महत्त्वाचा: आधी कणीस, सुरण, कणगे, ते अर्धे शिजले की केळी, मुळा, गाजर, शेंगा, आणि भोपळा-पपई अगदी शेवटी, नाहीतर त्यांचा लगदा होतो. मग डाळ, खोबरे-मिरची-हळदीचे वेगळे वाटप, सोलां, गूळ आणि ठेचलेली तेफळे. कांदा नाही, लसूण नाही, फोडणीसुद्धा नाही. नैवेद्याच्या ताटात बसणारा हा पदार्थ आहे. मंद आचेवर तो खतखत असा आवाज करत शिजतो, त्यावरूनच त्याचे नाव पडले असे सांगतात, आणि झाकणाला कान लावला तर ते पटते.

मणगणे त्यानंतर लगेच उरकले. भिजवलेली चणाडाळ आख्खी राहील इतपत शिजवायची, साबुदाणा, माडाचा गूळ आणि नारळाचे दुसरे दूध घालून उकळायचे आणि पहिले दाट दूध विस्तव बंद करताना घालायचे. मग जेवून दोन तास शांत झोपलो.

पाच वाजता पदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, सायकलचा भोंगा ऐकू आला तेव्हा जाग आली. त्याच्याकडून डझनभर पोई, म्हणजे गोव्याचे गोल पाव, घेतल्या. ताटात शीत असताना पोई कशाला, असे पत्नीने विचारले. मला स्वतःलाही नीट सांगता आले नाही. घरी माणसे येणार म्हटले की पदेर दाराशी आलेला परत पाठवावासा वाटत नाही, एवढेच.

हुमणाला खरा वेळ लागतो तो वाटपाला, चुलीवरचे काम वीस-पंचवीस मिनिटांचे. त्यामुळे माणसे यायच्या अर्धा तास आधीच मातीचे कुंडले गॅसवर चढवले. हे कुंडले डिचोलीच्या कुंभाराकडचे आहे, आईने दिलेले. वाटप पाण्यात सैल करून उकळत ठेवले, मीठ आणि सहा-सात सोलां घातली. मग तेफळे. पावसाळ्याच्या अखेरीस काढून वाळवलेली पंधरा-सोळा तेफळे घेतली, एकेक उकलून आतली काळी बी काढून टाकली, आणि नुसत्या साली मिठाच्या पाण्याचा हात लावून खलबत्त्यात दोन-दोन ठोके देऊन ठेचल्या. या फळाचे झाड काटेरी असते, खोडावरसुद्धा काटे, त्यामुळे ती काढणे जोखमीचे काम असते. साली उकळत्या वाटपात पडल्या आणि घरभर तो वास पसरला: लिंबाच्या सालीचा, ओल्या लाकडाचा आणि त्यांच्या मागे आणखी कशाचा तरी, ज्याला मराठीत दुसरे नाव नाही, तेफळाचाच वास म्हणावा लागतो. बांगडे मधोमध चिरून दोन-दोन तुकडे केलेले होते, ते सोडल्यानंतर डाव लावला नाही. कुंडले दोन्ही हातांनी फडक्यात धरून हलकेच फिरवायचे, म्हणजे तुकडा मोडत नाही. सात-आठ मिनिटांत विस्तव बंद केला, वरून चमचाभर कच्चे खोबरेल सोडले आणि झाकण ठेवले.

साडेसातला सगळे आले. चतुर्दशीचा चंद्र समोरच्या माडांच्या वर आला होता. टीचर जुन्या गोव्याच्या फेस्ताहून खाजे घेऊन आल्या होत्या, बेसनाच्या त्या काड्या, गूळ-आल्याच्या पाकात घोळवलेल्या आणि तीळ लावलेल्या, वर्तमानपत्राच्या पुडीत बांधलेल्या. फेस्ताहून किंवा जत्रेहून येताना खाजे आणले नाही, तर जाऊन आलो असे कोणी मानत नाही. पेडण्याचा माझा बालमित्र नेहमीप्रमाणे सरळ स्वयंपाकघरात आला, कुंडल्याचे झाकण उचलले, वास घेतला आणि झाकण परत ठेवून म्हणाला, "काकींचा हात लागलाय याला." आईला सांगण्यासाठी ते वाक्य मी जपून ठेवले.

जमिनीवर चटया घालून सगळ्यांनी एकत्रच बसायचे ठरले. शीत, हुमण, खतखते, वांग्याचे काप, सोलकढी, एवढेच ताट. साताऱ्याचे स्नेही चार वर्षे गोव्यात राहून हुमण पुष्कळदा जेवले आहेत, पण बहुतेक सुंगटांचे, म्हणजे कोळंबीचे, किंवा इसवणाचे, ज्यात तेफळ घालत नाहीत; ते शोभते बांगडा, तारले अशा तेलकट माशांना. पहिल्या घासाला ते थांबले. वास कशाचा, म्हणून विचारले. मी सांगेपर्यंत त्यांनी ताटातली एक साल उचलून चावलीसुद्धा. तेफळ चावायचे नसते, ताटाच्या कडेला काढून ठेवायचे असते, हे सांगायला मला उशीर झाला होता. त्यांनी डोळे मिटले, मग हळूच उघडले आणि म्हणाले, "जीभ बधिर झाली हो. पण आता पाणी गोड लागतंय." जीभ खरोखरच बधिर होते. नंतर त्यांनी दोन वेळा हुमण मागून घेतले आणि साली मात्र ओळीने कडेला मांडून ठेवल्या.

वहिनी बराच वेळ काही बोलल्या नव्हत्या. त्यांनी खतखत्यातले कणगे शितात कुस्करून खाल्ले, मक्याच्या कणसाचा तुकडा हातात धरून चोखला, आणि मग शेजारच्या ताटाकडे थोडे वाकून पुन्हा आपल्या ताटाचा वास घेतला.

"भाऊजी," त्या म्हणाल्या, "तुमच्या त्या माशाला आणि माझ्या या भाजीला एकच वास आहे."

"तेच तेफळ आहे, वहिनी. खोबरेही तेच आणि सोलांही तीच."

"म्हणजे आज मी तुमच्यातच जेवतेय," असे म्हणून त्यांनी खतखते परत वाढून घेतले.

पत्नीने माझ्याकडे पाहिले. शागोतीचा विषय त्यानंतर आमच्यात निघाला नाही.

गप्पा फार वेळ चालल्या. टीचरनी त्यांच्या घरच्या कोडीचे, म्हणजे हुमणाचे, सांगितले: त्यांची आई बांगड्याला कधी तेफळ घालते, कधी बिमलीची आंबट फळे, आणि आंब्याच्या दिवसांत कच्च्या कैरीच्या फोडी. बालमित्राने आमच्या लहानपणच्या एका गोष्टीची आठवण काढली. मे महिन्यात अंगणभर रातांबे फोडून साली वाळत घातलेल्या असत, त्या पुन्हा पुन्हा त्यांच्याच रसात बुडवून उन्हात टाकायच्या, आणि आभाळ भरून आले की घरातली सगळी माणसे पोरांसकट धावत सुटायची. एकदा आम्ही दोघे खेळत राहिलो आणि एक आख्खी चटई भिजली. त्या वर्षी आमच्या घरी सोलां विकत आणावी लागली. आई तेव्हा रागावली नव्हती, पण चतुर्थीला खतखते वाढताना "विकतची सोलां" एवढेच म्हणाली होती. ही आठवण सांगताना बालमित्राचा आवाज थोडा बदलला.

मणगणे झाले, खाजे फुटले, साडेदहा वाजले, आणि कुंडल्यात अजून पाव भाग हुमण आणि बांगड्याचे चार तुकडे शिल्लक होते. माझा अंदाज चुकला होता. दुसऱ्या दिवशी दत्तजयंती, आमच्याकडे उपास, बालमित्र तर पहाटे साखळीच्या दत्तमंदिरात जाणार. रात्री ते टाकून देण्याच्या विचाराने मला खरोखर वाईट वाटले. सव्वा तास दगडावर फिरवलेले वाटप होते ते.

टीचर उठून स्वयंपाकघरात आल्या आणि कुंडल्यात डोकावल्या. "सर, ही कोडी खायचा दिवस आज नव्हे, उद्या सकाळी," त्या म्हणाल्या. "डबा द्या मला." पत्नीने स्टीलचा डबा काढला. मी तुकडे न मोडता एकेक आत सोडले, वर रस्सा ओतला, आणि उरलेल्या चार पोईही कागदात गुंडाळून बरोबर दिल्या.

गुरुवारी शाळेत मधल्या सुट्टीपूर्वी त्या शिक्षकांच्या खोलीत आल्या आणि रिकामा, घासून पुसलेला डबा माझ्यासमोर ठेवला. सकाळी सहाला त्यांनी कोडी मातीच्या भांड्यात घालून मंद आचेवर आटवली, पार दाट होऊन कडेला तेल दिसेपर्यंत, आणि त्यांनी व त्यांच्या आईने ती पोईला लावून खाल्ली. त्यांच्या आईने तेफळाच्या साली मोजल्या होत्या. बी एकातही नव्हती, असा निरोप तिने मला मुद्दाम सांगायला सांगितला होता.